भाऊजींचं बोअर आणि गावची विहीर

प्रश्न : सप्रेम नमस्कार. मी जालना जिल्ह्यातल्या एका खेड्यात ग्रामपंचायत सदस्य आहे. गावाला पाणी पुरवणारी सार्वजनिक विहीर ओढ्याच्या कडेला आहे आणि तिला लागूनच माझ्या चुलत दिरांची मोसंबीची बाग आहे. मागच्या वर्षी दिवाळीनंतर त्यांनी बागेसाठी रातोरात सातशे फूट बोअर घेतलं. विहिरीपासून ते फार तर दोनशे पावलांवर असेल. पाणी अडीच इंची लागलं. तेव्हापासून मार्चपर्यंत टिकणारी विहीर जानेवारीतच तळाला जाते. यंदा संक्रांतीला बायका वाण लुटायचं सोडून हातपंपावर नंबर लावून उभ्या होत्या, आणि बोलणी मला बसली, कारण मी सदस्य आणि वर त्याच घरची सून.

सरपंच म्हणतात, तुमच्या घरातलं प्रकरण आहे, तुम्हीच मिटवा. यजमान म्हणतात, जमीन त्याची, पाणी त्याचं, पैसा त्याचा, आपण कोण बोलणार? आमचंही एक बोअर आहे, २०१९ ला घेतलेलं, तीनशे फुटांचं, पण ते विहिरीपासून लांब आहे. सासूबाईंनी बजावलंय की कागद केलास तर भावकी तुटेल. दिरांच्या मुलीचं लग्न वैशाखात आहे. सरकारचा असा काही कायदा आहे का? असला तर तक्रार करू का? आणि केलीच तर लग्नाआधी की लग्नानंतर? नाव-गाव छापू नये.

उत्तर : ताई, कायदा आहे, आणि तुमच्या विहिरीसारख्या विहिरींसाठीच तो केलेला आहे. पण आधी तुमच्या यजमानांचं म्हणणं घेऊ, कारण गावात तेच तुम्हाला दहा तोंडांतून ऐकावं लागणार आहे.

‘जमीन त्याची, पाणी त्याचं’ हे ते हवेत बोलत नाहीत. इंग्रजांच्या राज्यात १८८२ साली झालेला सुविधाधिकाराचा कायदा आजही आहे. आपल्या हद्दीत जमिनीखाली झिरपणारं पाणी गोळा करायचा आणि वापरायचा जमीनमालकाचा हक्क त्यात मानलेला आहे. तो कायदा झाला तेव्हा पाणी मोटेनं निघायचं. बैल थकले की उपसा थांबायचा आणि रात्रभरात विहीर पुन्हा भरायची. आता मोटर थकत नाही, थांबते ती लाइट गेल्यावर. कलम तेच राहिलं आणि उपसायची ताकद कुठल्या कुठे गेली, म्हणून राज्यांना आपापले कायदे करावे लागले.

महाराष्ट्रानं तो १९९३ साली केला, फक्त पिण्याचं पाणी वाचवण्यासाठी. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून, म्हणजे गावाला जिथून पाणी मिळतं त्या विहिरीपासून वगैरे, ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर घ्यायची नाही, हा त्याचा गाभा. कायद्याच्या भाषेत बोअरही विहीरच. शिवाय टंचाई जाहीर झाली की उद्भवापासून एक किलोमीटरच्या आतल्या विहिरींच्या उपशावर निर्बंध घालता येत. पुढे विधिमंडळानं मोठा कायदा केला, महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९. त्याला राष्ट्रपतींची संमती लागली आणि तो लागू झाला १ जून २०१४ पासून. पिण्याच्या पाण्याच्या उद्भवाचं संरक्षण त्यानं पुढे चालू ठेवलं आणि वर बरंच काही घातलं. विहिरींची नोंदणी करायची. बोअरच्या गाड्यांच्या मालकांनीही नोंदणी करायची. शेतीसाठी किंवा उद्योगासाठी ६० मीटरपेक्षा, म्हणजे साधारण २०० फुटांपेक्षा खोल जायचं नाही. पाणलोटाची समिती बसवायची आणि पाणी बघून पिकांचा आराखडा करायचा. राज्य पातळीवर हे सगळं महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाकडे दिलं. जायकवाडीत वरच्या धरणांतून पाणी सोडण्याच्या भांडणात दरवेळी ज्याचं नाव निघतं, तेच हे प्राधिकरण.

वाचायला छान आहे. अंमलाचं म्हणाल तर या कायद्याच्या नियमांचा मसुदा हरकती-सूचनांसाठी निघायलाच २०१८ उजाडलं. आणि बोअरची गाडी गावात येते ती अंधार पडल्यावर. नारळ फोडायला दहा जण असतात, परवाना विचारणारा एक नसतो. तुमच्या भाऊजींनी ‘रातोरात’ बोअर घेतलं असं तुम्ही लिहिलंय, त्यातच काय ते आलं. दिवसाउजेडी घेण्यासारखं नाही, एवढं त्यांनाही ठाऊक होतं.

दोनशे पावलं म्हणजे दीडेकशे मीटर. परवानगी घेतलेली नसेल तर भाऊजींचं बोअर दोन्हीकडून अडकतं, अंतरानंही आणि खोलीनंही.

आता तुम्ही ओझरतं लिहून गेलात त्या वाक्याकडे येते. तुमचं बोअर २०१९ चं आहे, म्हणजे नवा कायदा लागू झाल्यानंतरचं. तीनशे फूट आहे, म्हणजे दोनशेच्या पुढचं. शेतीसाठी आहे. विहिरीपासून ‘लांब’ आहे म्हणता, पण किती लांब ते लिहीत नाही. पाचशे मीटर भरतात का? ते भरले तरी खोलीचा मुद्दा उरतोच. तुम्ही अर्ज दिल्याच्या दुसऱ्या दिवशी पारावर पहिला प्रश्न हाच येणार, आणि भाऊजी तो सगळ्यांसमक्ष विचारणार. तेव्हा तुमच्याकडे उत्तर नसेल तर विहिरीचा विषय तिथंच संपेल आणि पुढचे सहा महिने गाव तुमच्या घराचा तमाशा बघेल.

म्हणून अर्जाच्या आधी आपल्या घरात बसा. आपल्या बोअरची खोली, त्यावरची मोटर, ते किती तास चालतं, त्यावर किती रान भिजतं, हे सगळं कागदावर आणा आणि ग्रामसभेत सगळ्यात आधी आपलं बोअर नोंदवायची तयारी ठेवा. यजमान चिडतील. पण त्यांना सांगा, की हे आपण केलं नाही तर भाऊजी करणार आहेत, आणि ते आपल्याला जास्त महागात पडेल. यात कायदेशीर जोखीम आहे, हे मी लपवत नाही. तालुक्याच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समिती असते. स्त्रियांना तिथं मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असलं तरी. आधी तिथं जाऊन दोन्ही बोअरची हकीकत सांगा, मग पाऊल टाका.

दुसरं, विहीर त्या बोअरमुळेच आटली हे कशावरून? हा प्रश्न तुम्हाला तहसीलमध्ये विचारतील, आणि तो रास्त आहे. पाऊस कमी झाला असेल. ओढ्याच्या वरच्या अंगाला आणखी चार बोअर झाली असतील. विहिरीत गाळ साचला असेल. बोअर पडलं आणि विहीर आटली, या दोन गोष्टी लागोपाठ घडल्या एवढ्यावर कुणी कुणाची मोटर बंद करत नाही.

खाली काय आहे ते थोडं समजून घ्या. आपल्याकडे सगळा काळा पाषाण. वर माती, मग मुरूम, मग फुटका खडक, आणि त्याखाली घट्ट कातळ. पाणी साठतं ते मुख्यतः वरच्या मुरमात आणि फुटक्या खडकात. हा थर म्हणजे गावाचा रांजण, आणि तुमची विहीर त्यातूनच पिते. कातळात पाणी असतं ते भेगांमध्ये, नाहीतर दोन थरांच्या मधल्या तांबड्या गेरूच्या आसपास, आणि तेही जिथं भेग सापडेल तिथंच. बोअरवाले सांगतात, ‘सातशे फुटाचं पाणी वेगळं, विहिरीचं वेगळं.’ कधी कधी ते खरंही असतं. पण बोअरला केशिंग, म्हणजे आतून बसवायचा पाइप, घालतात ते वरचा मुरूम ढासळू नये म्हणून, कातळ लागला की थांबवतात. केशिंगच्या खाली जी उघडी भेग रांजणापर्यंत पोचलेली असते, तिच्यातून वरचं पाणी सरळ बोअरमध्ये उतरतं. मग मोटर बंद असली तरी गळती चालूच. भाऊजींचं अडीच इंच पाणी सातशे फुटांवर लागलं की दीडशेवर, हे गाडीवाल्याला माहीत असतं आणि बोअरवर उभ्या असलेल्या माणसालाही. ते विचारून घ्या. ‘पाणी कितीवर लागलं?’ हा प्रश्न कुणाला खटकत नाही, उलट लोक हौसेनं सांगतात.

आणि बागेचं वेळापत्रकही बघा. भाऊजी आंबे बहार, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीतल्या फुलोऱ्याचं पीक, धरत असतील तर बागेला डिसेंबरात ताण देतात, म्हणजे पाणी तोडतात, आणि ताण तोडून पाणी सुरू करतात ते जानेवारीच्या सुमाराला. तिथून पावसाळ्यापर्यंत फळ सांभाळायला पाणी द्यावंच लागतं. तुमची विहीर नेमकी संक्रांतीला तळाला गेली. तारखा जुळतात. शेततळं असेल तर तेही पाहा. पावसाचं पाणी धरायला म्हणून तळं घ्यायचं, कागद अंथरायचा आणि मग बोअर लावून ते काठोकाठ भरायचं, हा प्रकार मराठवाड्यात सर्रास चालतो. जमिनीखाली थंडगार पडलेलं पाणी वर आणून उन्हात ठेवायचं! याला जलसंधारण म्हणणाऱ्यांपुढे मी हात टेकलेत.

पुरावा तुम्ही स्वतः गोळा करू शकता, आणि तो फुकट आहे. एक न ताणणारी दोरी घ्या, टोकाला दगड बांधा, दर फुटाला खूण करा. विहिरीच्या काठावर एका जागी रंगाची रेघ मारा आणि रोज त्याच रेघेवरून मोजा. गावच्या टाकीची मोटर सुरू व्हायच्या आधी, पहाटे. शेतीची थ्री-फेज लाइट आपल्याकडे पाळीनं येते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. हीच तुमची चाचणी. ज्या आठवड्यात लाइट रात्री असते आणि बोअर रात्रभर चालतं, त्या आठवड्यात पहाटेची पातळी काय? ज्या आठवड्यात लाइट दिवसा असते आणि विहिरीला रात्रभर विसावा मिळतो, तेव्हा काय? मध्येच रोहित्र जळून चार दिवस मोटरी बंद पडल्या तर उत्तमच, ते चार दिवस अजिबात चुकवू नका. वहीत तारीख, वेळ, पातळी, लाइट कधी होती, एवढे चार रकाने पुरेत. मोजताना पाणीपुरवठा समितीतल्या दोघी-तिघींना बरोबर घ्या आणि त्यांच्या सह्या घ्या. एकटीची वही म्हणजे भावकीचं वैर, आणि चौघींच्या सह्यांची वही म्हणजे गावचं दप्तर, असं धरलं जातं.

ही वही घेऊन भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात जा. ठरावीक निरीक्षण विहिरींची पातळी ते लोक वर्षातून चारदा मोजतात, म्हणजे तुमच्या भागातल्या आधीच्या वर्षांचे आकडे त्यांच्याकडे असतात. पाऊस कमी झाल्यानं सगळीकडेच पातळी खाली गेली की फक्त तुमची विहीर बसली, हे त्यावरून कळतं. विहीर आणि बोअर एकाच पाणलोटात, एकाच थरात आहेत का, हे पाहून अहवाल द्यायचं काम त्यांच्या भूवैज्ञानिकाचं. त्यांचा कागद नसेल तर तुमचा अर्ज तहसीलमध्ये टेबलावरून टेबलावर फिरत राहील.

कागदांत आणखी एक पाहून ठेवा. विहीर गावची आहे हे सगळ्यांना माहीत असतं, पण दप्तरात ती सार्वजनिक पाणीपुरवठ्याचा उद्भव म्हणून चढलेली आहे का? काही गावांत विहिरीची जागा कुणीतरी आजोबांनी तोंडी दिलेली असते आणि बक्षीसपत्र कधी झालेलंच नसतं. तुमच्याकडे तर शेजारचं रान भाऊजींचंच. विहिरीची जागा मुळात त्याच गटातून निघालेली असली तर? सातबारा, ग्रामपंचायतीचं मालमत्ता रजिस्टर आणि नळयोजनेचे कागद आधी काढा. जलजीवनच्या नळयोजनेत ही विहीर उद्भव म्हणून दाखवली असेल तर काम सोपं होईल. त्या योजनेत माणशी रोज ५५ लिटर पाणी धरलेलं आहे, आणि विहीर जानेवारीत आटली तर तो हिशेब कोलमडतो, हे लेखी मांडता येतं.

सरपंच म्हणतात तुमच्या घरातलं प्रकरण. हे ऐकून घेऊ नका. गावाला पाणी पुरवणं हे ग्रामपंचायतीचं कर्तव्य आहे आणि विहीर सगळ्या गावाची आहे. पण त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा महिलांच्या ग्रामसभेचा रस्ता धरा. नेहमीच्या ग्रामसभेआधी ती घ्यावी लागते आणि हंडे कुणाच्या डोक्यावर आहेत हे तिथं समजावून सांगावं लागत नाही. ठराव लिहिताना भाऊजींचं नाव घालू नका. ‘सार्वजनिक विहिरीपासून ५०० मीटरच्या आतील सर्व विहिरी व बोअर यांची यादी करून त्यांच्या परवानगीची व उपशाची तपासणी व्हावी’ असा लिहा. या ‘सर्व’मध्ये भाऊजी येतात, कदाचित तुम्ही येता, आणि मला खात्री आहे की आणखीही काही जण येतील. सरपंचांचा मिटवामिटवीचा सल्ला तिथूनच येतोय का, ते यादी झाली की कळेल.

ठरावाची प्रत, वहीची प्रत आणि नकाशा जोडून अर्ज तहसीलदारांकडे द्या, प्रांत आणि जिल्हाधिकारी यांना प्रत ठेवा. पोहोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. महिनाभर हालचाल दिसली नाही तर माहितीच्या अधिकारात विचारा की अर्जावर काय केलं, आणि तालुक्याच्या लोकशाही दिनाला हजर राहा. तो महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी असतो.

आता खरं सांगू? या रस्त्यानं यंदाच्या उन्हाळ्यात तुमच्या विहिरीत एक घागर पाणी वाढेल असं मला वाटत नाही. सुनावण्या होतील, पंचनामे होतील, तोवर मृग निघेल. म्हणून या उन्हाळ्यासाठी दुसरं दार वाजवा. टंचाईच्या उपाययोजनांत टँकर असतो, विहिरीतला गाळ काढणं असतं, तात्पुरती पूरक नळयोजना असते, आणि खाजगी विहीर अधिग्रहित करणंही असतं. म्हणजे प्रशासन एखाद्याची विहीर किंवा बोअर टंचाईपुरतं गावासाठी ताब्यात घेतं आणि मालकाला मोबदला देतं. ग्रामपंचायतीनं प्रस्ताव द्यायचा, पंचायत समिती आणि तहसीलकडून पाहणी होते.

तुमच्या गावात अधिग्रहित करायला सगळ्यात सोयीचं बोअर कुठलं? विहिरीपासून दोनशे पावलांवरचं. पाइपही फारसा टाकावा लागणार नाही, पाणी विहिरीत सोडलं की झालं.

कायदा मोडणाऱ्याला वर मोबदला, हा कुठला न्याय, असं तुम्ही म्हणाल, आणि गावातलेही म्हणतील. मलाही ते खुपतं. पण अधिग्रहण हा या उन्हाळ्याचा उपाय आहे. त्यानं बोअर कायदेशीर ठरत नाही आणि तुमच्या अर्जावरची तपासणी थांबत नाही. प्रस्तावात तसं एक वाक्य घालून ठेवा. आणि मोबदल्याचे पैसे लवकर हातात पडतील अशा भ्रमात भाऊजींना ठेवू नका. अधिग्रहणाची बिलं रखडतात, हे मराठवाड्यात कुणालाही विचारा.

भाऊजींशी बोलायचं ते याच मुद्द्यावर. तक्रारीची धमकी घेऊन जाऊ नका, अधिग्रहणाचा प्रस्ताव घेऊन जा. आणि बोलायला एकट्या जाऊ नका. सासूबाईंना पुढे करा. भावकी तुटायची काळजी त्यांना आहे ना, मग जोडायचं कामही त्यांनीच करावं. भाऊजी काही राक्षस नाहीत. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यात मोसंबीच्या बागाच्या बागा वाळल्या, लोकांनी पोरांसारखी वाढवलेली झाडं कुऱ्हाड लावून सरपणाला दिली. ज्यानं ते पाहिलंय तो सातशे फूट जाणारच, आणि त्यासाठी कर्जही काढणार. त्यांना झाडं जगवायची आहेत हे मान्य करून बोला. झाडं जगवायला लागणारं पाणी आणि बहार पोसायला लागणारं पाणी यांत मोठा फरक आहे. टंचाईच्या वर्षी आंबे बहार सोडून द्यायचा, ठिबकवर झाडापुरतं पाणी ठेवायचं, बुडाशी पाचटाचं आच्छादन करायचं आणि पाऊस पडला की मृग बहार, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीच्या फुलोऱ्याचं पीक, धरायचा, हे त्यांना माझ्याहून चांगलं कळतं. एका बहाराचं नुकसान होईल, ते खरं आहे. पण शेततळं बोअरनं न भरणं आणि ठरलेले तास गावाला पाणी देणं, एवढं त्यांनी सगळ्यांसमोर कबूल केलं आणि ते ग्रामसभेच्या इतिवृत्तात आलं, तर तुमच्या अर्जातली निम्मी धार आपोआप कमी करता येईल.

हिवरे बाजारचं नाव तुम्ही ऐकलं असेलच. तिथं शेतीसाठी बोअर घ्यायचं नाही आणि ऊस-केळी लावायची नाही, हे गावानं ठरवलं, राज्याचा २००९ चा कायदा त्यानंतर आला. दरवर्षी पावसाचा आणि पाण्याचा ताळेबंद मांडून कुठली पिकं घ्यायची ते ठरतं. तिथले लोक जास्त शहाणे आणि तुमचे कमी, असं काही नाही. तिथं नियम सरपंचाच्या रानालाही लागू झाला, तुमच्याकडे अजून कुणालाच लागू नाही. त्याची सुरुवात तुमच्याच घरातल्या तीनशे फुटांपासून करावी लागतेय, हे तुमच्यावर जरा अन्यायाचं आहे. पण सदस्य तुम्ही आहात.

राहता राहिला लग्नाचा प्रश्न. अर्ज लग्नाआधी द्या, तोही आत्ताच. वैशाखात दिलात तर टंचाईचा मोसम संपत आलेला असेल, आणि शिवाय मांडवात विघ्न आणल्याचा ठपका बसेल तो वेगळाच. आत्ता ग्रामसभेचा ठराव झाला तर लग्नापर्यंत लोकांचा राग निवायला वेळ मिळेल. अधिग्रहणाचा प्रस्ताव लगेच गेला तर चैत्रात पाणी विहिरीत पडायला लागेल. वैशाखात लग्न म्हणजे पाहुण्यांसाठी टँकर मागवणं आलंच, त्याचा खर्च कोण करणार याचा हिशेब भाऊजींनी अजून केला नसेल, तर सासूबाईंना तोही मुद्दा सुचवून ठेवा. मुलीच्या केळवणाला मात्र चुकवू नका. भाऊजी बोलले नाहीत तरी जावेकडे जा, मुलीची ओटी भरा.

तहसीलची पोहोच मिळाली आणि भूवैज्ञानिकांची पाहणी झाली की अहवालात काय आलं ते कळवा. विहीर आटण्याचं कारण बोअर नसून गाळ किंवा दुसरंच काही निघालं, तर अर्ज कसा बदलायचा ते तेव्हा पाहू. वही मात्र उद्या पहाटेपासून सुरू करा.